एका महिन्यापुरता वड

तीन दिवसांच्या कॅम्पवरून घरी आलो, खांद्यावरची बॅग न उतरवता नेहमीसारखा आधी परसदारी गेलो, आणि पाहतो तर मधल्या फळीवर वडाची कुंडी पालथी घातलेली. धुऊन, पुसून. बाकीची बावीस झाडं आपापल्या जागी होती, त्यांना सकाळी पाणी घातल्याचंही दिसत होतं. वड तेवढा नव्हता.

"हेमा!" मी तिथूनच ओरडलो. "वड कुठाय?"

बाहेर आली ती आक्का. आक्का म्हणजे माझी आई. पदराला हात पुशीत ती दारात उभी राहिली.

"आधी पाय धू. चा ठेवलाय."

"आक्का, माझा वड कुठाय?"

"हाय की. जातोय कुठं पळून?" ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. आक्का माझ्याकडे न बघता बोलली की समजायचं, काहीतरी करून बसली आहे.

त्या वेळी आम्ही सांगलीत, विश्रामबागेत भाड्यानं राहत होतो. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे, महिन्यातून एक-दोनदा साइटवर कॅम्प, आणि उरलेला सगळा जीव परसदारच्या त्या तीन फळ्यांवरच्या बोन्साय झाडांवर. वड त्यातला सगळ्यात थोरला. नोकरीच्या पहिल्या वर्षी कालव्यावरच्या एका मोरीच्या भिंतीत, दगडांच्या फटीत मला तो दिसला होता, चार पानांचा. हळूहळू सोडवून, ओल्या रुमालात बांधून मी तो घरी आणला. त्याला आता सतरा वर्षं झाली होती. उंची सव्वा फूट. सरबताच्या दुकानातून मागून आणलेल्या नळ्यांत शेवाळ भरून मी त्याच्या दोन पारंब्या मातीपर्यंत उतरवल्या होत्या. एकेका पारंबीला दोन-दोन वर्षं लागली. आमचं लग्न झालं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. हेमलता, माझी बायको, त्याला 'थोरल्या बाई' म्हणायची. मी कॅम्पवरून आलो की तिचं ठरलेलं असायचं, "जा, आधी थोरल्या बाईंना भेटून या, मग धाकटीकडे बघा." हसून म्हणायची. मीही हसायचो. बायको हसते आहे म्हणजे सगळं ठीक आहे, इतकीच माझी अक्कल.

आक्काला ती झाडं पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होती. "खुजं झाड घरात ठिवलं की घराची वाढ खुंटती," हे तिचं पालुपद. हेमलता मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती सासूला समजवायची, "आक्का, झाडाला काय माहीत घर कुणाचं आहे ते?" एकदा तर वडाची कुंडी रिक्षातून शाळेत नेऊन तिने सातवीच्या मुलींना पारंब्या दाखवल्या होत्या. मग आमचं पहिलं मूल चौथ्या महिन्यात गेलं. दुसरं सहाव्यात. पहिल्या वेळी आक्का आठ दिवस झाडांच्या नावानं बोटं मोडत होती. दुसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही, नुसती परसदारी जायची बंद झाली.

आता ही तिसरी खेप होती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता, शाळेतून रजा घ्यायला लावली होती. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, जिने चढायचे नाहीत. आठवड्यापूर्वीच सहावा लागला होता. 'सहावा' हा शब्द मात्र घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं.

"आक्का, तू दिलास का कुणाला?" मी आवाज चढवला. "की फेकलास?"

"त्यांच्यावर नका ओरडू." हेमलता आतून आली. केस बांधत होती, नुकतीच झोपेतून उठलेली. "मी लावलाय तो. मागच्या प्लॉटमध्ये."

"लावलाय म्हणजे?"

"जमिनीत लावलाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी फळीखालचं खुरपं उचललं, घमेलं घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

घराच्या मागे कुणाचा तरी बिनबांधलेला प्लॉट होता, पुढे ओढ्यापर्यंत. गाजरगवत आणि दोन बाभळी. एका बाभळीपासून दहा पावलांवर गवत काढून स्वच्छ केलेली जागा दिसली. मधोमध माझा वड. भोवती आळं केलेलं, आळ्यात पाणी, आणि शेळ्यांनी खाऊ नये म्हणून चहूबाजूंनी काटेरी फांद्या रोवलेल्या. इतकं नीटनेटकं काम दोघींनी केलं होतं. सासू-सुनेचं नऊ वर्षांत मिठाच्या बरणीवरूनही एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मी काट्या उपटायला लागलो. मागून दोघी आल्या.

"तुला वाकायला बंदी आहे," मी मागे न बघता म्हणालो. "आणि तू इथं खड्डे खणतेस?"

"मी नाही खणला. आक्कांनी खणला. कुंडीही त्यांनीच आणली. मी उभी होते. माती लोटली फक्त, तीही पायानं."

"म्हणजे हिचंच डोकं!"

"नाही. त्या नकोच म्हणत होत्या. रंगा चिडेल म्हणाल्या. मीच म्हटलं, चला."

मी थांबलो. वळून तिच्याकडे पाहिलं. सुती गाऊनवर माझा जुना स्वेटर घालून ती उभी होती, एक हात पोटावर. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. आक्का तिच्या पाठीमागे, तिच्या कमरेला हात लावून.

"तू?" मी म्हणालो. "तू मुलींना विज्ञान शिकवतेस हेमा."

"हो."

"आणि तुझा यावर विश्वास आहे? झाडामुळे पोरं जातात यावर?"

"नाही."

"मग?"

"नाही विश्वास. खोटं आहे, माहीत आहे मला. आक्कांनाही सांगितलं की खोटं आहे. तरी लावलं." तिचा आवाज चढला नव्हता. "अहो, एवढा महिना. सातवा लागला की मी स्वतः सांगीन, काढा म्हणून. मग ठेवा कुंडीत, नाहीतर ठेवा डोक्यावर. एवढा एक महिना त्याला असू दे इथं."

"एका महिन्यात त्याची मुळं कुठल्या कुठं जातील, कल्पना आहे तुला? फांद्या सुटतील. सतरा वर्षांचा आकार जाईल."

"पुन्हा छाटता येईल की. तुम्हीच म्हणता, वडासारखं सोसणारं झाड नाही."

ते खरं होतं. मीच म्हणायचो.

"तुमचं कोल्हापूरचं प्रदर्शन आहे, माहीत आहे मला," ती म्हणाली.

"प्रदर्शनाचा प्रश्नच नाही!" मी म्हणालो. "तत्त्वाचा प्रश्न आहे. आज झाड काढायला लावाल, उद्या बाबाकडे न्याल, परवा गंडे बांधाल. एकदा असल्या गोष्टींना घरात जागा दिली की संपलं."

काय सुंदर बोललो होतो मी! आजही मला त्या भाषणात एक चूक सापडत नाही. आणि त्यातला एकही शब्द खरा नव्हता. पंचवीस आणि सव्वीस जानेवारीला कोल्हापुरात वामनवृक्षांचं प्रदर्शन होतं, आणि पंधरा वर्षं कोपऱ्यातल्या टेबलांवर झाडं मांडून झाल्यावर त्या साली पहिल्यांदा माझा वड मधल्या टेबलावर यायचा होता. मंडळाचे अध्यक्ष बोधेसाहेब स्वतः घरी येऊन, झाड बघून, सांगून गेले होते. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. मधलं टेबल हे माझं तत्त्व होतं.

मी खाली बसलो. खुरप्यानं आळ्याची कड सोडवली, मग खुरपं बाजूला ठेवून बोटांनी माती काढायला लागलो. दोन दिवसांत नवी मुळं फुटत नाहीत, पण जुनी केसासारखी बारीक असतात, ती तुटता कामा नयेत. एका पारंबीशी माती घट्ट बसली होती. ती मी फुंकर मारून, पाणी शिंपडून सैल केली. किती वेळ गेला कोण जाणे. खालून हात घालून सगळा गोळा अलगद उचलला, घमेल्यात ठेवला, वरून ओलं फडकं घातलं.

"किती जपून काढलंत," हेमलता म्हणाली.

टोमणा असावा म्हणून मी मान वर करून पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"रंगा," आक्का म्हणाली, "मी तुझ्या पाया पडते बाबा. राहू दे त्ये झाड. माझं म्हणणं सोड, मी अडाणी. पर ह्या पोरीला रातीला झोप न्हाई. दोन दिस झोपली हुती शांत, बघ."

"आक्का, तू मधे पडू नकोस."

"मधे न्हाई पडत. सांगते."

"चला आक्का," हेमलता म्हणाली. "उन्हात नका उभ्या राहू." तिनेच सासूचा हात धरला आणि दोघी घराकडे गेल्या. मी घमेलं घेऊन मागून आलो. त्याच संध्याकाळी वड पुन्हा कुंडीत बसला, फळीवर मधोमध.

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात भांडण झालं नाही. हेमलता माझ्याशी नीट बोलत होती, वाढत होती, ऑफिसातलं विचारत होती. फक्त 'थोरल्या बाई' म्हणायची थांबली. मी एक-दोनदा मुद्दाम विषय काढला, "थोरल्या बाईंची पानं बघितलीस का, काय तजेला आलाय!" तर ती "हो का" म्हणाली. संक्रांतीला आक्कानं तिच्यासाठी काळी साडी आणली. ती तिने नेसली नाही. "सातव्यात नेसते" म्हणाली. 'सातवा' तेवढा त्या दोघी मोठ्यानं बोलायच्या.

पंचवीस तारखेला सकाळी मी वड घेऊन निघालो. खोकं, त्यात गवत, पारंब्यांना कापूस. दारात तिने मला थांबवलं.

"उद्या नाही का येता येणार लवकर?"

"बक्षीस समारंभ चारला आहे. संपला की पहिली एसटी धरतो. का? बरं नाही का वाटत?"

"तसं काही नाही. पाठ दुखतेय जरा."

"झोपून राहा. आक्का आहे."

"हो, आक्का आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड-दोनच्या सुमारास मी मधल्या टेबलाशी उभा होतो. माझ्या वडासमोर माणसांची दाटी होती. एक म्हातारे गृहस्थ चष्मा कपाळावर सारून वाकून वाकून बघत होते आणि "पारंब्या खऱ्या आहेत?" असं मला दुसऱ्यांदा विचारत होते. मी तोंड भरून सांगत होतो, नळ्यांची युक्ती, शेवाळ, दोन-दोन वर्षं. तेवढ्यात बोधेसाहेब गर्दीतून वाट काढत आले आणि मला दंडाला धरून बाजूला घेऊन गेले.

"तोडकर, हॉलच्या ऑफिसात तुमचा फोन होता. तुमचे घरमालक. मिसेसना मिरजेला दवाखान्यात नेलंय. लगेच निघायला सांगितलंय."

मी म्हणालो, "हो. झाड बांधतो आणि निघतो."

"झाड राहू द्या हो. मी पाठवतो माणसाबरोबर. तुम्ही निघा."

"नाही साहेब, ते दुसऱ्याला जमायचं नाही. पारंबी दुखावेल."

मी हे खरोखर म्हणालो. बोधेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. मग मी खोकं शोधलं, गवत पसरलं, कुंडी बसवली, पारंब्यांना कापूस लावला, वर सुतळी आवळली. पाऊण तास गेला. काम व्यवस्थित झालं. एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसलो. मिरजेला उतरलो आणि ते दोन्ही हातांत धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढलो.

वऱ्हांड्यात बाकावर आक्का बसली होती. माझ्या हातातल्या खोक्याकडे तिने पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"हेमा?"

"ती हाय. ग्लानीत हाय." आक्का थांबली. "पोरगी झाली हुती."

मी खोकं खाली ठेवलं.

"जित्ती हुती रं रंगा. सवा तास हुती. बोट धरलं हुतं माझं. बाई म्हणाल्या, लई लवकर झालं, छातीत दम न्हाई. तू येशील, तू येशील म्हणून मी बघत हुते. आत्ताच गेली. अर्धा घंटा झाला असंल." तिने दोन्ही हात समोर धरून लांबी दाखवली. "येवढी हुती. तुझ्यावानी कपाळ."

आतल्या खोलीत मला तिला दाखवलं. कपाळ माझ्यासारखं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं आणि शांतपणे सगळं समजावलं. गर्भाशयाचं तोंड कमजोर होतं, टाका घालूनही काही वेळा असं होतं, यात कुणाची चूक नाही. "मनात काही ठेवू नका," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मला ते पटलं होतं. मला ते आजही पटतं. झाड जमिनीत असतं तरी मुलगी गेलीच असती, हे मी कुणालाही सिद्ध करून दाखवीन. पण झाड जमिनीत असतं तर ते पंधरा दिवस हेमलता झोपली असती, आणि हॉलमध्ये बांधायला माझ्याकडे काही नसतं. झाडाचं तिला काहीच पडलेलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत मी तिच्या बाजूला येऊन उभा राहावं, इतकंच तिचं मागणं होतं. मी समोर उभा राहून तिला विज्ञान शिकवलं.

तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खाटेवर निजवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. आक्का स्वयंपाकघरात पेज करत होती. मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

प्लॉटमध्ये आळं होतं तसंच होतं, माती फक्त सुकून भेगाळली होती. मी खड्डा पुन्हा खणला, होता त्याच्या दुप्पट. कुंडीतून वड काढला. या वेळी जपून नाही काढला. डाव्या बाजूची पारंबी मुळापाशी मोडली, मी ती तशीच राहू दिली. फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार कापून टाकली. झाड लावलं, माती दाबली, ओढ्यावरून चार घागरी पाणी आणून घातलं, काट्या रोवल्या. कुंडी बाभळीच्या बुंध्यावर आपटून फोडली. ते करताना मी रडत होतो, आणि खरं सांगायचं तर रडता रडता मला बरंही वाटत होतं. आपण किती मोठी गोष्ट सोडली, हे तिला जाऊन सांगायची मला घाई झाली होती.

हातपाय धुऊन मी तिच्या खाटेशी स्टूल घेऊन बसलो. उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता. माझ्या नखांत माती राहिली होती.

"हेमा," मी म्हणालो. "जागी आहेस?"

"हं."

"मी वड लावून आलो. तिथंच, मागे, तू लावला होतास तिथं. आता नाही काढणार. कधीच नाही."

तिने हळूहळू तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे कोरडे होते. आवाजात राग असता तर मला सोसला असता. ती अगदी समजुतीनं, वर्गातल्या मुलीला सांगावं तसं म्हणाली,

"आता कशाला हो लावलंत? आता ठेवायचं होतं की घरातच. आता कुणाची वाढ थांबायची राहिलीय?"

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे कूस केली, आणि मी उशाशी बसलेलो असताना आक्काला हाक मारून पाणी मागितलं.